काट्यावर वाजलेली तबकडी

वार्षिकांकासाठी प्रवासवर्णन दे, असं मराठीच्या सरांनी सांगितलं तेव्हा मी नाही म्हणणार होतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी अजिंठा पाहिलाय. एकाने तर समुद्रसुद्धा पाहिलाय. माझा प्रवास म्हणजे पेडगाव, पूर्णा आणि चुडावा. तिन्ही स्टेशनं एकाच रुळावरची. गेलो तीन दिवस, आणि महिन्याभराने आणखी एकदा. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे आपलं लिहिणं छापण्यासारखं आहे का हे विचारायलाही घरी कुणी नाही. पण या प्रवासात माझ्या हातून जे झालं ते कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून लिहितो.

परभणीत मी ज्या खोलीवर राहतो तिच्याजवळ रशीदचाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. चाचा तरुणपणी हैदराबादेत एका रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होते. आता त्यांचा एकच नाद: लाखेच्या जुन्या तबकड्या मिळवायच्या, धुवायच्या, त्यांतला आवाज टेपवर घ्यायचा आणि त्यातली खरखर जमेल तेवढी काढायची. माझं अक्षर बरं आहे म्हणून कॅसेटींवरची नावं लिहायला ते मला बसवून घेतात.

गेली दोन वर्षं ते सिकंदराबादच्या एका क्लबातल्या ऑर्केस्ट्राच्या सहा तबकड्यांमागे लागले होते. निजामाच्या काळात भरलेल्या त्या तबकड्यांवर टँगोच्या बारा चाली होत्या. टँगो हा दूर देशातला, बाई-पुरुषाने जोडीने करायचा नाच, एवढंच मला माहीत होतं. हैदराबादचा एक कॅसेटवाला त्या नव्याने काढायला तयार झाला होता, पण बाराच्या बारा चाली असल्या तरच. चाचांकडे पाच तबकड्या होत्या, सहावी नव्हती.

एका संध्याकाळी त्यांनी त्यातली एक चाल लावली आणि मी उठून उभाच राहिलो.

"चाचा, ही तर वरातीची चाल आहे! माझ्या अक्काच्या लग्नात वाजली होती."

"अरे बेटा, ही टँगो आहे. तुझ्या जिंतूरच्या खेड्यात टँगो कुठनं येणार?"

पण मी खोटं बोलत नव्हतो. आमच्याकडे नवरा मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला की बँडवाले हीच चाल धरतात आणि तिला पूर्णेची चाल म्हणतात. चाचांनी मग परभणीतल्या बँडवाल्यांना गाठलं. ते म्हणाले, ही चाल मारुतीबाबाची. बाबा म्हातारा आहे, चुडाव्याला लेकीकडे असतो. तरुणपणी सिकंदराबादला साहेबांच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचा. सहावी तबकडी त्याच्याजवळ आहे आणि तिच्यावर त्याचं नाव छापलेलं आहे, असं तो सांगतो. दुसरी प्रत पेडगावच्या एका दुकानदाराकडे आहे.

चाचा गंभीर झाले. पाच तबकड्यांच्या लेबलावर फक्त ऑर्केस्ट्राचं आणि साहेबाचं नाव होतं. "कॅसेटवाला लेबलावर असेल तेवढंच छापतो," ते म्हणाले. "नाव असेल तर छापून येईल. नसेल तर म्हातारा म्हणतो म्हणून कोण छापणार?"

त्यांचे गुडघे धरलेले. मंगळवारी त्यांना टेपा घेऊन हैदराबादला जायचं होतं. मी म्हणालो, मी जातो. एवढं चटकन मी आयुष्यात कशालाच हो म्हटलेलं नाही.

चाचांनी आतून गोधडीचे तुकडे लावलेली लाकडी पेटी दिली आणि सूचना सांगितल्या. मी त्या वहीत लिहून घेतल्या. तबकडी कडेने धरायची. उभी ठेवायची, आडवी नाही. उन्हात ठेवायची नाही. पुसायची झाली तर साध्या पाण्याने, मऊ फडक्याने. लेबलाला मात्र पाणी लागू द्यायचं नाही, कागद फुगतो. ही शेवटची सूचना मी दोनदा अधोरेखित केली होती. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

पेडगाव, गुरुवार

पेडगाव परभणीच्या अगदी जवळ, पण पॅसेंजरने सिग्नलबाहेर एवढा वेळ काढला की डब्यातल्या लोकांनी खाली उतरून रानातल्या ओल्या हरभऱ्याचे डहाळे उपटून आणले. मला एक मूठ मिळाली. मी खाल्लं, पण खिडकीतून सिग्नलकडेच बघत. मला वाटत होतं, मी पोचेपर्यंत ती तबकडी फुटेल.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, समोर तराजू, असे शिवअप्पा गादीवर बसले होते. मी काम सांगितलं. त्यांनी आधी मला गूळ-पाणी दिलं, मग माझं गाव, शिवार, वडिलांचं नाव, सगळं विचारून घेतलं आणि मगच पोराला आतून तबकडी आणायला सांगितलं.

"आमच्या वडिलानं फोनो आणला होता, चावीचा," अप्पा म्हणाले. "बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर ठेवायचा. सकाळपासून दिवस मावळस्तोवर वाजायचा. गिऱ्हाईक गाणं ऐकायला थांबायचं अन् मीठ-मिरची घेऊन जायचं."

"सुई किती वेळानं बदलायचे?"

"सुई? मोडल्यावर."

तबकडी हातात घेतली तेव्हा ते दिसलंच. काळी चकाकी जाऊन ती राखेसारखी झाली होती. लेबलावर दुकानाच्या नावाची चिठ्ठी डिंकाने चिकटवलेली. लोक फोनोबरोबर तबकड्याही उसन्या न्यायचे आणि परत द्यायचे नाहीत, म्हणून प्रत्येकीवर अशी चिठ्ठी लावली होती. खाली काय छापलंय ते दिसायची सोय नव्हती.

मी घुटमळत म्हणालो, "अप्पा, याच्यात जे क्लॅरनेट वाजलंय ना, ते चुडाव्याच्या मारुतीबाबांचं आहे म्हणतात."

अप्पांनी तराजूवरचा हात काढला. "कोन मारुती? लग्नात वाजवायचा तो?" आणि ते एवढे हसले की गादीवरचा पोरगाही हसायला लागला. "पावणं, कुनी तरी तुमची गंमत करायलंय. अवो, गोऱ्या सायबाचा बँड हाय त्यो. त्यात ह्यो कुठून बसंल?"

"लेबलावर नाव असेल. चिठ्ठी काढून बघितली तर..."

"चिठ्ठीला हात लावायचा न्हाई," अप्पा म्हणाले. रागाने नाही, पण हसणं थांबवून. "रेकॉड न्या, वाजवा, चिठ्ठीसकट परत आणा."

मी मान हलवली. तबकडी पेटीत उभी ठेवली. स्टेशनापर्यंत चालताना मी त्यांना द्यायला हवी होती अशी चार उत्तरं मला सुचली. मला उत्तरं नेहमी स्टेशनावरच सुचतात.

पूर्णा

शुक्रवारी सकाळी पूर्णेला उतरलो. पूर्णा हे गाव स्टेशनाच्या पोटात राहतं. भोंग्यावर लोक उठतात, भोंग्यावर जेवतात, आणि कुणाला घर विचारलं तर ते आधी इंजिनाचं शेड सांगतात, मग त्याच्या मागची गल्ली. आमच्याकडे दिवस ढोरं सुटण्यावरून कळतो. इथे बाई चुलीवर तवा ठेवताना कान देऊन ऐकते, हैदराबादकडची गाडी गेली का.

माझ्या खोलीतल्या मित्राचा मोठा भाऊ दत्ताभाऊ इथे एका डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात कंपाउंडर आहे. त्यांच्याकडे पिशवी टाकली. भाभींनी ज्वारीची गरम भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मी उभ्या उभ्याच खायला लागलो, तेव्हा दत्ताभाऊ म्हणाले, "बस की लेका. चुडावा कुठं पळून चाललं न्हाई."

दुपारी पुढच्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या आजीने न विचारता तिच्यावर पेरूची पाटी ठेवली. "हाय काय ह्याच्यात?" मी म्हणालो, गाणं. "मंग काय फुटतंय," ती म्हणाली आणि पाटी तशीच राहिली. चुडाव्यापर्यंत मी दोन्ही हातांनी ती पाटी अधांतरी धरून होतो.

चुडावा

स्टेशनातून बाहेर पडून विचारलं तर एका माणसाने मला नीट वरखाली बघितलं आणि गावाच्या कडेच्या वस्तीकडे बोट केलं. "बँडवाल्याचं घर व्हय? शेवटलं." पहिल्या घराच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत नामांतराची घोषणा लिहिलेली होती. तशा घोषणा मी परभणीत रोज बघतो. कॉलेजात मोर्चे निघतात तेव्हा मी खोलीवर अभ्यास करत बसतो. मी विरोधात नव्हतो. पण गप्प होतो, हे लिहायला हवं.

मारुतीबाबा बाजेवर बसले होते. उंच, वाळलेले, समोरचे दात गेलेले. मला बघून उठायला लागले. "या मालक, या."

आतून त्यांची लेक कमलबाई कडाडली, "मालक कामून म्हणायलाव आता? कॉलेजचं पोरगं हाय ते. बस रे दादा."

मी सतरंजीवर बसलो. थोड्या वेळात कमलबाईने कपबशीत चहा आणून ठेवला. इथे मला एक गोष्ट लिहायची आहे जी लिहू नये असं वाटतं. मी लगेच कप उचलला नाही. आमच्या घरातलं कुणी अशा वस्तीत कधी चहा प्यायलेलं नाही. मला कुणी मनाई केली नव्हती, माझ्या मनातही तसं काही नव्हतं, पण हात पुढे जायला वेळ लागला. किती वेळ, मोजला नाही. कमलबाईने मोजला असावा.

"चहा निवायलाय, दादा," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी एका दमात प्यायलो. जीभ पोळली.

बाबांना सिकंदराबादचं विचारलं आणि त्यांची पाठ सरळ झाली. रेल्वेच्या एका साहेबाने त्यांना लग्नात वाजवताना ऐकलं आणि क्लबात नेलं. तिथे काळा कोट मिळाला. "टँगो लय वांड काम," ते म्हणाले. "आपलं लग्नातलं कसं, सुटलं की सुटलं. ह्याचं तसं न्हाई. चार पावलं जायाचं, गपकन थांबायचं, मंग वळायचं. त्या थांबण्यात समदा खेळ हाय. म्या गावाकडं आल्यावर आमच्या पोरायला तेच शिकवलं. नवरदेव बी थांबायचा अन् घोडं बी थांबायचं!"

"आणि तबकडी?"

कमलबाईने पत्र्याच्या पेटीतून गोधडीत गुंडाळलेली तबकडी काढली. मी कडेने धरली आणि उजेडाकडे नेली. एवढी काळी, एवढी चकाकणारी तबकडी मी चाचांकडेही पाहिली नव्हती.

"बाबा, ही वाजवली नाही का कधी?"

"वाजवली न्हाई? पोरायला चाल बसवायची म्हणून दिस दिस वाजवली. पर सुई कुठून आणायची? सुई हैदराबादला भेटायची. म्या बाभळीचा काटा लावायचो. वाळला, पांढरा काटा. एक बाजू वाजली की त्यो बोथट. फेकून द्यायचा, दुसरा तासायचा. बाभळीला काट्याचा काय तोटा?"

मी चाचांना हे कसं सांगू, असं मला झालं. नाजूक रेघांवर बाभळीचा काटा! पण समोरची तबकडी तर आरशासारखी होती. मला त्यातलं काही कळेना.

फक्त मधलं लेबल दिसत नव्हतं. त्यावर हळद-कुंकवाचा थर होता, वाळून भेगाळलेला. दरवर्षी खंडेनवमीला बँडातली सगळी वाद्यं पुजायची, तशी ही पण. कमलबाई लहान होती तेव्हापासून ती बोटं लावत आली होती.

"माजं नाव त्याच्याखाली हाय," बाबा म्हणाले. "मला वाचता येत न्हाई. सायबानं माजं बोट धरून त्या जागंवर ठेवलं अन् म्हणला, हे तू. ह्या चालीत मी एकटाच पुढं हाय ना, म्हणून. पुना कुणाला दावलं न्हाई. कोन वाचणार होतं?" थोडं थांबून ते म्हणाले, "सायेब खोटं कामून बोलंल?"

हे त्यांनी मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही. इतकी वर्षं गावोगाव त्यांनी सांगितलं होतं की माझं नाव छापलेलं आहे, आणि पेडगावच्या अप्पांसारखे लोक हसले होते. आणि ते खरं आहे का, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"क्लॅरनेट कुठे आहे?" मी विचारलं.

उत्तर कमलबाईने दिलं. बाबा पूर्वी दुसऱ्या गावी राहायचे. नामांतराच्या दंगलीत तिथली घरं पेटली. "फोनो जळाला, क्लॅरनेट जळालं. बाबा ही रेकॉड गोधडीत घेऊन जवारीत पळाले. म्या म्हणलं, पोटाचं साधन सोडून हे काय आणलंव?"

"क्लॅरनेट दुसरी भेटती," बाबा म्हणाले. "हे दुसरं न्हाई." त्या गावाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यांनी तबकडी माझ्या हवाली केली. अट एकच: परत आणायची आणि एकदा ऐकवायची. फोनो जळाल्यापासून त्यांनी ती ऐकलेली नव्हती.

पुन्हा पूर्णा

पूर्णेहून परभणीची गाडी चुकली, रात्र दत्ताभाऊंकडेच काढली. शनिवारी परभणीची गाडी दुपारनंतर होती. तोवर मला बसवेना. पेटी उघडायची, लेबल बघायचं, बंद करायची. दत्ताभाऊंनी दवाखान्यातून डबा खायला आल्यावर विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं की याच्याखाली एक नाव आहे किंवा नाही.

"मग पूस की."

"लेबलाला पाणी लावायचं नाही."

"पाणी कशाला? स्पिरिट लाव. मिनिटात उडून जातंय. कागद फुगायचा प्रश्नच न्हाई."

मला ते इतकं पटलं! शास्त्र शिकलेल्या माणसाचं बोलणं वाटलं. त्यांनी बाटलीत थोडं स्पिरिट आणि कापूस दिला. मी उंबऱ्याजवळ उजेडात बसलो आणि लेबलाच्या मधोमध सुरुवात केली. कापूस पिवळा झाला, लाल झाला. दोन बोळे टाकले. तिसऱ्या बोळ्याला छपाई दिसायला लागली. इंग्रजी मोठी अक्षरं. आधी ऑर्केस्ट्राचं नाव, मग साहेबाचं, आणि त्याच्याखाली बारीक ओळीत: क्लॅरनेट, मारुती.

मी ओरडलो. भाभी आतून धावत आल्या. मी त्यांना बोट ठेवून दाखवलं, "हे बघा, आहे! मारुती!" भाभी म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि मग म्हणाल्या, "पण कापूस काळा कशानं झाला?"

कापूस काळा झाला होता. कुंकू काळं नसतं.

स्पिरिट लेबलाच्या कडेवरून बाहेर ओघळलं होतं आणि मी ते उत्साहाने पुसत होतो. लेबलाभोवती, जोंधळ्याचे दोन दाणे शेजारी ठेवले तर होईल एवढ्या रुंदीची गोल पट्टी चिकट, मातकट झाली होती. तिथल्या रेघा गेल्या होत्या. बोट लावलं तर बोटाचा ठसा उठला.

तबकडीची रेघ बाहेरून सुरू होते आणि मधे संपते. म्हणजे मी चालीचा शेवट पुसला होता.

त्या दुपारी पूर्णेच्या फलाटावर मी किती फेऱ्या मारल्या माहीत नाही. एक हमाल म्हणाला, "बसा की, तुमच्या चालण्यानं गाडी लवकर यायची न्हाई." पेटी बाकावर होती. तिच्याजवळ बसायची मला भीती वाटत होती आणि तिला सोडून लांब जायचीही.

परभणी

चाचांनी तबकडी भिंगाखाली धरली. मग अगदी हळू विचारलं, "बेटा, सुतार पॉलिश करतो ती लाख कशात विरघळवतो?"

स्पिरिटात. मला माहीत होतं. आमच्या घराच्या दाराला पॉलिश करताना मी समोर बसून पाहिलं होतं. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट मला नेमक्या वेळी आठवली नव्हती.

"मी तुला पाण्याचं सांगितलं," चाचा म्हणाले. "स्पिरिटचं नाही सांगितलं. कुणी असं करेल हे डोक्यातच आलं नाही. अर्धी गलती माझी लिही तुझ्या वहीत."

मग त्यांनी तबकडी लावली. आवाज असा आला की कुणी दारात उभं राहून वाजवतंय. क्लॅरनेट श्वास घेत होतं, तो श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी काट्याचं सांगितलं. चाचांनी कपाळावर हात मारला, पण आनंदाने. "अरे, सुई लोखंडाची, ती तबकडी खाते. काटा स्वतः झिजतो! म्हाताऱ्याकडे सुई नव्हती म्हणून ही वाचली." मग चाल शेवटाला पोचली. खस्स असा आवाज आला आणि त्यांनी घाईने सुई उचलली. त्या चालीचे शेवटचे वीस-पंचवीस सेकंद गेले होते; दुसरी बाजू शाबूत होती.

अप्पांची तबकडी लावली. कढईत भजी सोडल्यासारखा आवाज, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी तीच चाल. पण शेवट होता.

"शेवट इथला घेऊ," चाचा म्हणाले. "पण सांधा लपणार कुठे? चांगल्या आवाजातून एकदम भज्यांत?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही सुचवलं. "चाचा, याच्यात मधेच थांबायचं असतं. बाबा म्हणाले, चार पावलं जायचं आणि गपकन थांबायचं."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रविवारचा सगळा दिवस ते थांबणं शोधण्यात गेला. शेवटाच्या जरा आधी सगळा ऑर्केस्ट्रा एक क्षण गप्प होतो. त्या गप्प जागेत चाचांनी ब्लेडने टेप तिरकी कापली आणि पेडगावचा शेवट चुडाव्याच्या चालीला चिकटवला. खरखर त्यांनी दाबली तेवढी दाबली. बाकीची राहिली. मंगळवारी ते हैदराबादला गेले.

पेडगाव आणि चुडावा, महिन्याभराने

कॅसेट आली. आतल्या कागदावर बारा चालींची नावं आणि शेवटच्या चालीपुढे ती ओळ, इंग्रजी अक्षरांत, लेबलावर होती तशीच.

आधी पेडगावला गेलो. अप्पांनी आपली तबकडी उलटसुलट करून चिठ्ठी शाबूत असल्याची खात्री केली. मी कॅसेटचा कागद पुढे केला आणि या वेळी स्टेशनावर जायची वाट न बघता म्हणालो, "अप्पा, वाचा." अप्पांना इंग्रजी अक्षरं ओळखता येत होती. त्यांनी ओळ वाचली. परत वाचली. गादीवरचा पोरगा हसायला तयार होऊन बघत होता, पण अप्पा हसले नाहीत.

"आमच्या वरातीला त्यानंच वाजवलं होतं," ते म्हणाले. "लय वाजवलं. मांडवाच्या बाहेर बसवला होता जेवायला." मग बराच वेळ त्यांनी तराजूची दोरी सरळ केली. ती सरळच होती.

चुडाव्याला चाचांचा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. बाबांनी आधी तबकडी मागितली. मी गोधडीतून काढून दिली. सांगायचं कसं, हे मी गाडीत दहा वेळा जुळवलं होतं, पण माझ्या आधी त्यांचं बोट तिथे पोचलं. कडेकडून फिरत आत आलं आणि लेबलाजवळ थांबलं. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांच्या बोटाने ती पट्टी लगेच वाचली.

"हितं काय झालं?"

मी सगळं सांगितलं. स्पिरिट, कापूस, माझी घाई. कमलबाई चुलीपुढून उठून दारात उभी राहिली. "आगीतून आणलेलं," ती म्हणाली, "अन् कापसानं घालवलं." मी मान वर केली नाही.

बाबांनी तबकडी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "नाव हाय का न्हाई, ते सांगा."

मी कॅसेटचा कागद उघडला. त्यांचं बोट धरलं आणि त्या ओळीवर ठेवलं. "हे. क्लॅरनेट, मारुती." मग तबकडीच्या लेबलावर ठेवलं. "आणि इथे. हेच."

"पुना वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"सायबानं बी हेच वाचलं होतं," ते कमलबाईकडे बघून म्हणाले. "खोटं न्हवता बोलला."

मग मी टेप लावली. शेजारची माणसं ओट्यावर येऊन बसली. क्लॅरनेट सुरू झालं तशी बाबांची बोटं मांडीवर चालू लागली. जिथे थांबायचं तिथे थांबली, जिथे वळायचं तिथे वळली. सांध्याची जागा आली, सगळं एक क्षण गप्प झालं, आणि मग पेडगावची खरखर. बाबांची बोटं थांबली नाहीत. चाल संपल्यावरच त्यांनी डोळे उघडले.

"शेवट पेडगावचा का?"

"हो."

"झाक बसलाय." आणि दात नसलेल्या तोंडाने ते हसले. "तुमाला सांगतो, त्या शेवटाला माजा एक सूर चुकला होता. सायेब म्हणला, राहू दे. मला मातर दर बारी टोचायचा. आता खरखरीत घावतच न्हाई. बरं केलंव तुमी."

सगळे हसले. कमलबाईही थोडी हसली, आणि माझ्यासमोर चहा ठेवून तिथेच उभी राहिली. मी कप उचलला. ती गेली तेव्हा तो निम्मा झाला होता.

ती कॅसेट आता माझ्याजवळही आहे. त्यातले शेवटचे वीस-पंचवीस सेकंद मी किती वेळा ऐकले असतील! चाचांच्या मोठ्या स्पीकरवर ऐकले, कानाला लावून ऐकले. चुकलेला सूर मला सापडत नाही. तो खरखरीखाली खरंच आहे, की माझा चेहरा बघून बाबांनी तिथे बसल्या जागी एक चूक रचली, हे कळायला चांगली प्रत हवी. ती मी पुसली आहे.